मोटारीचे मोजे

सोमवारी सकाळी आमच्या शेजारचे शमुवेलकाका वारले. दुपारी दफन झालं. त्यांची मुलगी रूथ कॅनडात असते. ती पोचू शकली नाही.

कबरस्तानातून परतताना गल्लीतला रिक्षावाला मला हळूच म्हणाला, "सर, त्या मोज्यांचं काय होणार आता?" तो चेष्टा करत नव्हता. भिंगारमध्ये काकांचं नाव निघालं की मोजे निघायचेच.

हे मोजे मोटारीचे. बर्फात चाक घसरतं, म्हणून तिकडे कॅनडात टायरवर जाड कापडाची खोळ चढवतात. कापड बर्फाला धरतं आणि गाडी पुढे सरकते. दोन वर्षांपूर्वी रूथने फोनवर सहज सांगितलं की गाडी घसरली होती, शेजाऱ्याने अशा खोळी दिल्या म्हणून घरी पोचले. काकांनी पुढचं ऐकलंच नाही.

"शेजाऱ्याच्या कशाला? बाप काय मेला व्हय?"

काकांनी उभा जन्म भिंगारच्या लष्करी छावणीत तंबू शिवले होते. काकू गेल्यावर घरात ते आणि शिलाई मशीन, एवढेच उरले. "मानूस खोटं बोलंल, कापड न्हाई," असं ते मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवत. पहिला जोड शिवून झाला तेव्हा मे महिना होता. डांबर चपलेला चिकटत होतं.

"सर, गाडी काढा. चाचणी घ्यायचीय."

"कशावर, काका?"

त्यांनी रसवंतीवाल्याकडून बर्फाच्या दोन लाद्या आणवल्या होत्या. लाकडाच्या भुशासकट त्या गल्लीत मांडल्या. माझ्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांना मोजे चढले. पोरंबाळं, बायका, सगळी गल्ली जमली. रिक्षावाला ओरडला, "काका, माझ्या रिक्षाला कानटोपी शिवा!"

"तुझ्या तोंडाला शिवतो आधी," काका म्हणाले.

मी गाडी सोडली. एक लादी फुटली. दुसरी चाकाखालून सटकली आणि समोरच्यांच्या फाटकावर जाऊन आदळली. काकांनी वाकून मोजा निरखला. "घसरली ती लादी. चाक न्हाई घसरलं," त्यांनी जाहीर केलं.

मोजे कॅनडाला गेले. ते बसले नाहीत, आखूड झाले. दुसरा जोड ढगळ झाला. तिसऱ्याची दोरी कमी पडली. मला नवल वाटायचं. तंबूच्या मापात ज्या माणसाची बोटभर चूक झाली नव्हती, त्याला एक चाक जमेना.

दर रविवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, फोन व्हायचा. मी बहुधा काकांकडेच पेपर वाचत बसलेला असायचो. काका फोन स्पीकरवर टाकत.

"पोरी, टेप घे आन् खाली जा. घेर सांग परत."

मग जिन्यावरची पावलं ऐकू यायची. दार. वारा. तिचा श्वास.

"बाबा, हात गारठले."

"हातमोजे घाल की. ते बी मीच शिवू का?"

ती हसायची. काकाही हसायचे. मग ती आकडा सांगायची आणि काका तो कॅलेंडरवर लिहायचे.

एकदा ती म्हणाली, "एकशे नव्व्याण्णव." काकांनी एकशे नव्वद लिहिलं. मी म्हटलं, "काका, चुकलं." त्यांनी फोनवर तळवा दाबून धरला.

"गप बसा, सर. ह्या बारीला बरोबर बसलं, तर फुडल्या रविवारी तिला काय इचारू?"

मी पेपरात डोकं घातलं. त्यानंतर सहा जोड झाले. एकही बसला नाही.

काकांच्या दफनानंतर बाराव्या दिवशी रूथ आली. कपाटं आवरताना तिला पुढच्या जोडासाठी कापलेलं कापड सापडलं. ते तिने मशीनवर पसरलं. तिला हे कळायला हवं असं मला वाटलं. मी त्या एकशे नव्वदची गोष्ट सांगितली.

"सर," ती म्हणाली, "टायरवर माप छापलेलंच असतं. मी पहिल्याच रविवारी त्याचा फोटो काढून ठेवला होता."

"मग पाठवला का नाहीस?"

तिने कापडाची घडी घातली. "पाठवला असता तर मग बोललो काय असतो?"

आठवड्याने ती परत गेली. त्यांच्या घराला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे. रविवारी संध्याकाळी मी पेपर माझ्याच घरी वाचतो.