वेबसाइटवरचे पाहुणे

"कालच्या सतरा जणांना कॉफी कुणी दिली?"

चामराजपेटेतल्या आमच्या घरमालकांनी, म्हणजे अण्णांनी, सकाळी सकाळी हे विचारलं आणि मी तोंडातल्या ब्रशसकट गार पडलो. आदल्या संध्याकाळी मीच त्यांना सांगितलं होतं, "अण्णा, तुमच्या वेबसाइटवर आज सतरा व्हिजिटर येऊन गेले." व्हिजिटर म्हणजे पाहुणे. सतरा पाहुणे कॉफीशिवाय उठून गेले, या धक्क्यानं बिचाऱ्या अण्णांना रात्रीचं जेवणसुद्धा गेलं नव्हतं.

अण्णा घरांचे दलाल. पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेले, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकून माझ्यासारख्या पुण्याहून आलेल्या कॉम्प्युटरवाल्याला पहिले दोन महिने नुसते हादरेच बसत होते. "स्वल्प बस की रे", "सरी सरी, बरं तर, जेवूनच जा". धक्का हा अण्णांचा स्वतःचाही लाडका शब्द. दूधवाला वेळेवर आला तरी म्हणायचे, "अय्यो, धक्काच बसला की!"

या बडबड्या माणसाच्या घरात एकच नाव निघत नसे, ते म्हणजे मुलगी सुनंदा. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली, आणि त्याला सहा वर्षं झाली तरी बापलेकीत एक अक्षर नाही. हे मला शेजारणीनं सांगितलं. मी एकदा विषय काढून पाहिला, तर अण्णा उठून झाडांना पाणी घालायला गेले. बाहेर पाऊस पडत होता.

तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंदिरानगरचे नवे दलाल वेबसाइट काढत होते आणि अण्णांची गिऱ्हाइकं तिकडे वळत होती. "मलाही एक बांधून दे," अण्णा म्हणाले. मी बांधून दिली. तिचा पत्ता त्यांनी कार्डांवर छापला, स्कूटरच्या मागे रंगवला, एवढंच काय, यच्चयावत नातेवाइकांना पत्रानं कळवला.

मग मी ऑफिसातून वेबसाइटच्या नोंदी छापून आणायला लागलो. कोण कुठून आलं, कोणतं पान पाहिलं, कुठून परत फिरलं. अण्णांना हे लगेच समजलं. पाहुण्यांबद्दल त्यांचे जन्मभर हेच तर प्रश्न होते, कुठून आले, किती वेळ बसले, न सांगता का उठले? फक्त एका पानावर सहा फोटो असले की एकच माणूस नोंदीत सात वेळा लागतो, हे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "एका माणसाला सात वेळा? अय्यो, हे इलेक्शन आहे की काय!"

पण नोंदी एक भलतंच सांगत होत्या आणि ते बोलायला माझी जीभ रेटेना. बहुतेक लोक पहिल्याच पानावरून पळत होते. तिथे अण्णांचा जरीच्या पेट्यातला, म्हणजे इकडच्या फेट्यातला, भलामोठा फोटो होता आणि तो पडद्यावर यायलाच पाच मिनिटं लागायची. एक दिवस सांगूनच टाकलं.

"माझं तोंड बघून पळतात?" अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तोंडाचं काही नाही हो अण्णा, फोटो जड आहे."

"जड असणारच की. लग्नातला पेटा आहे तो!"

शेवटी फोटो काढून टाकला आणि पहिल्या पानावर घरं आणली. आठवडाभरात चक्क फोन यायला लागले. अण्णांना धक्का बसला. खरं सांगायचं तर मलाही बसला.

मग काय, मी शेफारलो. कोपऱ्यात 'आमचं घर' नावाचं एक पान होतं. निळा दरवाजा, जाईचा वेल आणि खाली 'विक्रीस नाही'. विकायचं नाही ते घर गिऱ्हाइकाला दाखवायचंच कशाला? हे पान उडवायचं ठरवून मी पुराव्यासाठी नोंदी काढल्या आणि डोळेच विस्फारले. सगळ्यांत जास्त तेच पान उघडलं जात होतं. रोज, न चुकता, अमेरिकेतल्या एकाच विद्यापीठातून.

"अण्णा, गिऱ्हाईक पक्कं आहे! फक्त त्याला तुमचंच घर हवंय."

"माझं घर? कोण हा मेला?"

मी विद्यापीठाच्या गावाचं नाव वाचून दाखवलं. अण्णांनी कागद माझ्या हातातून घेतला. धक्का बसला असंही म्हणाले नाहीत. तो उलटा धरून बसले.

मग त्यांनी विचारलं, "किती वेळ बसते?"

बसतो नव्हे, बसते. त्यांच्या हातातला कागद मी सुलटा केला. "काल सहा वेळा उघडलंय," मी म्हणालो.

"पान उडवू नकोस. फोटो तेवढा नवा काढ. जाई फुलली आहे. रोज तेच तेच काय बघायचं तिनं?"

रविवारी मी कॅमेरा घेऊन गेलो तर अण्णा दारात उभे, डोक्यावर जरीचा पेटा.

"स्वल्प कोपऱ्यात मी दिसलो तर चालेल का रे?" मान खाली घालून म्हणाले. "जड होईल का?"

"होऊ दे," मी म्हणालो, आणि मला कॅमेऱ्यातून काही धड दिसेना.

फोटो चढवला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नोंद वाचून दाखवली, "अण्णा, काल वीस पाहुणे."

"एकोणीस," अण्णा म्हणाले. "ती घरची आहे."