खणखणीत क्रँक

नोहा भिंगारदिवेच्या जीपचं इंजिन तीन महिने ओसरीवर उघडं पडलं होतं. घरात चपला काढायला जागा उरली नव्हती, वाळवणाच्या बाजेवर पिस्टन मांडले होते आणि लिडियानं एकदा चुकून त्यातल्या एकात मीठ ठेवलं म्हणून नवऱ्यानं दोन दिवस अबोला धरला होता. सगळं अडलं होतं ते एका क्रँकपायी. क्रँक म्हणजे इंजिनाचा कणाच, पिस्टनचं वरखाली होणं चाकाच्या फिरण्यापर्यंत पोचवणारा. तो मोडला की सगळं संपलं.

आणि तो मोडला होता. गेल्या वर्षी खर्ड्याजवळच्या माळावर जीपच्या चढाईची शर्यत झाली, तेव्हा अर्ध्या चढावर इंजिनात 'खाड्' झालं आणि नोहाची जीप अख्ख्या सासरवाडीच्या देखत उलटी खाली आली. मेहुण्यानं, म्हणजे तिसगावच्या केविननं, आपल्या जीपला बांधून ती ओढत नेली. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात आणि नाताळात केविन सगळ्यांसमोर अदबीनं विचारायचा, "दाजी, येताना गाडी चढली ना?" यंदा चढ चढून त्या माणसाचं तोंड बंद करणं, एवढंच नोहाच्या आयुष्याचं ध्येय उरलं होतं.

नोहा सुप्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता. तिथं तो बाटल्यांची झाकणं तपासायचा. पण माणूस एकदा क्वालिटीत शिरला की त्याला जगातलं सगळंच तपासता येतं, निदान त्याला तसं वाटतं. साधा कंपनीचा क्रँक त्याला नको होता. शर्यतीसाठी बाहेर खास बनवतात तो हवा होता. मग ओतीव की घडीव, की अख्ख्या पोलादातून कोरलेला, यावर तो रात्रंदिवस व्हिडिओ पाहू लागला. विकणाऱ्यांना त्यानं इतके प्रश्न विचारले की एकानं त्याचा नंबर ब्लॉक केला आणि दुसऱ्यानं काकुळतीला येऊन विचारलं, "साहेब, तुम्हाला क्रँक घ्यायचाय की माझी परीक्षा?"

वैजनाथ मिस्त्रीचाही सल्ला घेतला. मिस्त्रीचं धोरण सरळ होतं. गिऱ्हाईक म्हणेल ते बरोबर, आणि बिघडलं तर पार्टचा दोष.

"घडीव घ्यावा म्हणतो," नोहा म्हणाला.

"घडीवच घ्या. लई भारी."

"पण कोरलेला जास्त टिकतो म्हणतात."

"मंग कोरलेलाच. त्याला तोड न्हाई."

अखेर एक घडीव क्रँक ठरला, शनिवारी दुपारी तो आला आणि नोहानं तो पाळण्यातल्या बाळासारखा खोक्यातून उचलला. आता शेवटची कसोटी राहिली होती. क्रँक दोराला टांगायचा आणि हातोडीनं हलकेच ठोकायचा. आवाज लांब घुमला तर धातू निर्दोष, बद्द वाजला तर आत तडा. नोहाचं घर चर्चच्या अगदी मागे. त्यानं कंपाउंडलगतच्या लिंबाच्या फांदीला क्रँक टांगला आणि ठोका दिला.

टण्णऽऽऽ!

काय आवाज होता! नोहाच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या कुणी एका ठोक्यावर इंजिन भरायला घेतलं असतं. पण क्वालिटीच्या माणसाचं एकावर भागत नाही. तो प्रत्येक ठिकाणी एक ठोका द्यायचा, डोळे मिटून नाद पार विरेपर्यंत थांबायचा आणि मगच पुढचा ठोका. बराच वेळ हे चाललं.

आता गावातल्या ख्रिस्ती गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, की उपासनेची घंटा भराभर वाजते आणि असा एकेक ठोका, मध्ये थांबून थांबून, वाजतो तो कुणी देवाघरी गेल्यावर. गल्लीत माणसं जागच्या जागी थबकली. कोण गेलं हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. सत्यवान आजोबा नाताळापासून खोकत होते. लोक निमूट त्यांच्या दारी जमू लागले. चर्चची घंटा तडकलेली होती आणि एरवी पातेलं पडल्यासारखी वाजायची, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं, पण त्याचाही उलगडा लगेच झाला. "आजोबा ईश्वासात पक्के व्हते," एक बाई डोळे पुसत म्हणाली, "म्हनून आज घंटाबी गोड वाजली."

आजोबांची सून चांगुणाबाई गिरणीतून दळण घेऊन आली. दारात गर्दी पाहून तिच्या डोक्यावरचा डबा खाली आला. "आत्ता तर चांगले बोलत हुते वो! मला न सांगता गेले!" म्हणून तिनं उंबऱ्यातच बसकण मारली. पाळकसाहेब येऊन प्रार्थना होईपर्यंत आत कसं जायचं, म्हणून सगळे अंगणातच बसले.

रडारड ऐकून नोहानं हातोडी खाली ठेवली. गल्लीत बातमी समजली तसा तो हळहळला, कारण आजोबा त्याच्या वडिलांचे सख्खे चुलते. त्यानं लगेच तिसगावला फोन लावला, "केविन, सत्यवान आजोबा गेले. सगळ्यांना घेऊन या," आणि रुमाल घेऊन अंगणात सर्वांत मागं जाऊन बसला. पाळकसाहेब आले आणि त्यांनी आजोबांच्या गुणांचं वर्णन सुरू केलं. तेवढ्यात कुणीतरी काठी टेकत येऊन नोहाशेजारी बसलं.

"कोन गेलं रं?"

"सत्यवान आजोबा," नोहा हुंदका आवरत म्हणाला.

"कवा?"

"आत्ताच. दुपारी."

"मला कुनी सांगितलं न्हाई ते!"

नोहानं वळून पाहिलं आणि असा काही ओरडला की पाळकसाहेबांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. आजोबाच होते. घंटा ऐकून, कोण गेलं ते बघायला ते मागच्या दारानं चर्चपर्यंत गेले होते, तिथं कुणीच दिसेना म्हणून परत आले, तर गर्दी आपल्याच दारात.

चांगुणाबाईचं रडणं एका क्षणात रागात बदललं. "ही घंटा वाजवली कुनी?"

चर्चचे सेक्रेटरी काकासाहेब यांनी राखणदार रंभाजीला उभं केलं. रंभाजी शपथेवर सांगू लागला, "घंटंच्या खोलीला कुलूप हाय! चावी माझ्या करगोट्याला हाय!" कुणाचा विश्वास बसेना. अशा वेळी क्वालिटीचा माणूस गप्प कसा बसेल? नोहा पुढं झाला. "असं नाही. कारखान्यात आम्ही मुळापर्यंत जातो. दर उत्तराला 'का' विचारायचं. लोक का जमले? घंटा वाजली म्हणून. घंटा का वाजली? कुणीतरी ठोके दिले म्हणून. का दिले?" तास झाला तरी तो रंभाजीला इतकं कसून विचारत होता की बिचारा आपणच झोपेत वाजवली असेल असं कबूल करायच्या बेतात आला.

तेवढ्यात तिसगावची जीप धुरळा उडवत आली. केविन फुलांचं चक्र घेऊन उतरला, मागून सासू, सासरे, दोन मावश्या. चक्र ज्यांच्यासाठी आणलं होतं त्यांनीच ते हातात घेऊन फुलं ताजी आहेत का ते पाहिलं.

"दाजी, फोन तर तुमीच केल्ता," केविन म्हणाला.

तोच चर्चच्या मागून 'टण्णऽऽऽ' असा आवाज आला. अंगणातल्या सगळ्यांनी सवयीनं माना खाली घातल्या. आजोबांनी टोपीसुद्धा काढली. मग सगळे आवाजाच्या दिशेनं धावले. लिंबाखाली लिडिया हातोडी घेऊन शांतपणे उभी होती.

"मुळापर्यंत जायचं हुतं ना?" ती म्हणाली. "हे घ्या मूळ."

केविननं क्रँकभोवती एक फेरी मारली. "मंग दाजी, पास झाला का?"

"पास," नोहा म्हणाला. असल्या वेळीही त्याला छाती फुगवल्याशिवाय राहवलं नाही. "कुठंही तडा नाही."

आजोबांनी क्रँकवरून हात फिरवला. "पाळकसाहेब, काय वाजतंय वो हे! आपल्या घंटंत काय दम ऱ्हायला न्हाई. माझ्या येळंला ह्योच वाजवायचा. तवर हितून हलवायचा न्हाई."

"पण आजोबा, पुढच्या महिन्यात शर्यत..." नोहाच्या तोंडून गेलं.

"म्हंजी?" चांगुणाबाई कडाडली. "त्येच्या आदी जावं का काय त्यांनी?"

सगळी गल्ली आणि सगळी सासरवाडी नोहाकडे पाहत राहिली. त्यानं मान खाली घातली. काकासाहेबांनी तिथंच तसा ठराव मांडला, आणि या चर्चचा सभासद नसतानाही केविननं अनुमोदन दिलं.

शर्यत होऊन गेली. केविन पहिला आला.

आता नोहा रोज सकाळी ड्युटीवर जाण्याआधी आजोबांकडे जातो. रात्री खोकला आला का, झोप लागली का, जेवण जातंय का, सगळं बारकाईनं विचारतो. गल्लीतल्या बाया आपल्या लेकांना म्हणतात, "म्हाताऱ्या मानसाची काळजी कशी घ्यावी, ते नोहाकडून शिका." आजोबा मात्र तो येताना दिसला की खाटेवरून उठतात, काठी बाजूला ठेवतात आणि अंगणात एक चक्कर मारून दाखवतात.

"काल दोन भाकरी खाल्ल्या बघ, नोहा," ते सांगतात. "वर आनखी मागून घेतली."

"देवाची कृपा," नोहा म्हणतो आणि ड्युटीवर जातो.