रिजेक्ट भुतं

आमच्या खडकीतल्या सोसायटीत सकाळी लोक एकमेकांना 'चहा झाला का?' विचारतात. मी दूध घ्यायला दार उघडलं की शेजारचे गायकवाडकाका म्हणतात, "कालचं भूत रिजेक्ट."

काका कारखान्यात माल तपासायचे. निवृत्त झाले, पण तपासणी सुटली नाही. रोज जेवता जेवता एक भुताचा सिनेमा बघायचा आणि झोपायचं. घाबरून जाग आली तर सिनेमा पास, शांत झोप लागली तर रिजेक्ट. निकाल ऐकायला मी. का, तर म्हणे वाईट स्वप्न सकाळी कुणाला तरी सांगून टाकावं, म्हणजे खरं होत नाही.

निकष कडक. "बाई स्मशानात हिंडते आणि पांढऱ्या साडीला एक डाग नाही? फिनिशिंग आहे, माल नाही." एका परदेशी सिनेमात मात्र रिकामी खुर्ची आपोआप डुलत होती. ती स्वप्नात काकांच्या मागे थेट स्वारगेटपर्यंत धावली. त्या दिवशी काका येरवड्याच्या तुरुंगातून सुटल्यासारखे खूश होते.

पण नंतर महिनाभर सगळंच रिजेक्ट. काकांना कशाची भीतीच वाटेना. चेहरा पार उतरला. शेवटी मी वैतागून म्हटलं, "अहो काका, ही कसली हौस? एखादा विनोदी सिनेमा बघा, छान स्वप्नं पडतील."

"त्याचा उपयोग नाही." काकांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मी झोपेत ओरडलो की ही मला हलवायची. 'अहो, कुशीवर वळा' म्हणायची. ती गेली, पण अजून स्वप्नात भूत अंगावर आलं की येते. तेवढंच म्हणते. छान स्वप्नात ती कशाला येईल उठवायला?"

फार वाईट वाटलं मला.

त्या दिवसापासून काकांची भुतं मी निवडते. आधी स्वतः बघते. मी पहिल्यापासून भित्री, त्यामुळे दिवा लावून झोपते आणि विजेच्या बिलाबद्दल नवऱ्याचे टोमणे ऐकते.

काल सकाळी दार उघडलं, तर काका आधीच उभे.

"पास," म्हणाले.

"काकू आल्या?"

"आली. कुशीवर वळा म्हणाली. आणि वर रागावली. 'अहो, जेवताना असलं काय बघता?' म्हणाली."

एवढं सांगून ते खुशीत घरात गेले. दूध घ्यायचं विसरलेच. पिशवी मी त्यांच्या दाराच्या कडीला अडकवली.