जावईबापूंचं वाळवंट

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यानंतर हातात पेन आलं ते सहीपुरतंच. म्हणून ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, ओळ खाली घसरली असेल, तर सांभाळून घ्यावं. नातीची शाळेची एक वही निम्मी कोरी राहिली होती, तिच्यात लिहिते आहे. कुणाला दाखवायची नाही. पण जावईबापूंविषयी लिहून ठेवलं नाही, तर गावी गेल्यावर माझा मलाच विश्वास बसणार नाही.

तर आमचे जावईबापू, बाहेर पाऊस पडत असताना, दारात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसतात, काचा लावतात, हीटर पुरता वाढवतात आणि पाऊण तास घाम गाळतात. एकटे नाही. बायको, मुलगी, सासू, सगळ्यांना पट्टे बांधून बसवतात. गाडी जागची हलत नाही. याला ते ‘उन्हाचा सराव’ म्हणतात.

मी मे महिन्यात आयर्लंडला आले. माझी लेक मनीषा शॅननला राहते. विमानतळाच्या आजूबाजूला वाढलेलं छोटं गाव आहे. पहिल्याच शनिवारी जावईबापू म्हणाले, “आई, चला, गाडीत बसा.” मला वाटलं कुठं देवाला जायचं आहे. मी इरकली नेसले, पिशवी घेतली, पिशवीत नारळ घेतला. दहा मिनिटं झाली तरी गाडी हलेना. मी हळूच मनीषाला विचारलं, “पेट्रोल संपलंय का?”

“नाही गं आई. आपण अमेरिकेत आहोत सध्या,” ती म्हणाली आणि पदरासारखा टॉवेल तोंडावर ओढून झोपली.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. शेजारची ब्रीडा. सत्तरीची असेल, एकटी राहते. धुकं धरलेल्या काचेतून आम्हाला घामाघूम बघून ती घाबरली होती, दार अडकलं असं तिला वाटलं. जावईबापूंनी बोटभर काच खाली केली आणि सांगितलं, आम्ही वाळवंटात आहोत. ब्रीडाने आभाळाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि मागचं दार उघडून सरळ माझ्या शेजारी येऊन बसली. “ग्रँड,” म्हणाली. एवढी ऊब आपल्याला सप्टेंबरपासून मिळाली नाही, असंही म्हणाली, ते मनीषाने मला सांगितलं. तेव्हापासून ब्रीडा दर शनिवारी येते. येताना गरम ब्रेड आणते. जावईबापूंनी हजेरीच्या कागदावर तिचंही नाव घातलं.

कागदाचं सांगायलाच पाहिजे. जावईबापू, म्हणजे प्रसादराव, इथल्या एका कारखान्यात इंजिनियर आहेत. माणसाच्या काळजात घालायच्या बारीक नळ्या तिथं होतात. एका नळीमागे कागदाची एवढी चवड असते म्हणे, कुणी केली, कुणी बघितली, किती वाजता बघितली. तिथली सवय घरात आली आहे. “कागदावर नाही म्हणजे झालंच नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फ्रिजवर कागद, बाथरूमच्या दारावर कागद. गॅस बंद केला की मी सही करायची. पहिल्या दिवशी माझी सही रकान्याबाहेर गेली. आता मी मनीषापेक्षा नीट सही करते. ती दोन दिवसांच्या सह्या एकदम ठोकते, आणि जावईबापूंना ते शाईवरून कळतं.

तर त्यांनी ठरवलं होतं, जुलैमध्ये शाळेला सुट्टी लागली की अमेरिकेला जायचं, भाड्याची गाडी घ्यायची आणि एकोणीस दिवस वाळवंटातली सरकारी राखीव रानं बघत हिंडायचं. हॉलच्या भिंतीवर हा मोठा नकाशा. त्यावर टाचण्या, टाचण्यांना दोरा. कुठं दगडाच्या कमानी, कुठं हात वर करून उभे राहिलेले निवडुंग, कुठं मरणाची दरी.

“नावातच मरण आहे तिथं लेकराला कशाला नेता?” मी विचारलं.

“काहून घाबरता आई? मी नागपूरचा आहे,” जावईबापू म्हणाले. “मे महिन्यात दुपारी दोनला क्रिकेट खेळलेला माणूस. इथं अकरा वर्षं झाली, अंगात ओल शिरली आहे पार.”

माझी नात अन्वी अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देते, आणि तेही ब्रीडासारखं हेल काढून. तिने मात्र ही सहल मनावर घेतली होती. रात्री तिथलं आभाळ एवढं काळं असतं की आकाशगंगा दिसते, म्हणून तिने दुर्बीण मागून घेतली होती. शॅननला तिने चांदणं असं कधी बघितलंच नाही. ढगच असतात. शाळेत सगळ्यांना सांगून झालं होतं.

मला खरं सांगायचं तर त्या नकाशाचं फार नवल वाटायचं. मी माण तालुक्यातली. लग्न होऊन गेले तेही म्हसवडच्या बाजूलाच. उघडा माळ, तापलेला खडक, पाण्यासाठी दोन-दोन मैल, हे मी जन्मभर बघितलं, आणि त्याचे कुणी पैसे घेतले नाहीत. इथली माणसं हिरव्यागार गावातून उठून, विमानाचं तिकीट काढून, फुफाटा बघायला जाणार! घरात कुणी नसलं की मी नकाशाजवळच्या फोटोंपुढं उभी राहायची. एका फोटोतला डोंगर अगदी आमच्या शेजारच्या डोंगरासारखा. तिथं बाभळ असेल का? तिथल्या मुंग्या दुपारी कुठं जातात? माती हातात घेतली तर आमच्यासारखी भुरभुर सुटते का चिकटते? पण हे कुणाला विचारणार. मला काही कुणी चला म्हणालं नव्हतं, आणि मी विचारायच्या स्वभावाची नाही. मी धरून चालले होते की तेवढे दिवस मी ब्रीडाकडं राहायचं. त्यासाठी चार इंग्रजी शब्दही शिकून घेतले होते.

एकदा संध्याकाळी जावईबापू कागद-पेन घेऊन माझ्यापुढं बसले. “आई, दुष्काळात पाणी कसं पुरवायचा तुम्ही? पहिल्यापासून सांगा.”

मला लाज वाटली. हे काय सांगायचं? पण ते लिहायलाच बसले. मग मी सांगितलं. एका हंड्यात काय काय बसवायचं, तांदळाचं पाणी कुणाला, भांड्याचं कुणाला, शेवटचं कोंबड्यांना. प्यायच्या पाण्याच्या भांड्याला ओलं गोणपाट गुंडाळून वाऱ्याला ठेवलं की पाणी गार राहतं, तेही सांगितलं. तीन संध्याकाळी ते लिहीत होते. मी बोललेलं कुणी लिहून घ्यावं असं माझ्या आयुष्यात घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाटलीला ओलं पोतं गुंडाळून परसात ठेवलं. पाणी काही गार होईना. होणार कसं, वरून पाऊस, वारा ओला. तीनदा करून बघितलं आणि फ्रिजवर लिहिलं: ‘गोणपाट. निकाल: नापास. कारण: आयर्लंड.’

त्यांच्या वेळापत्रकात आणखी एक गंमत होती. दर सव्वा तासाने थांबा. डोंगर असो, नसो, थांबायचंच.

“अरे, ही ट्रिप आहे का यष्टी?” मनीषा म्हणायची. (ती नवऱ्याला अरे म्हणते. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.) “वाळवंटात दर सव्वा तासाला उतरून काय बघायचं?”

“पाय मोकळे करायचे. माझे आखडतात,” ते म्हणायचे.

जून संपत आला आणि एका संध्याकाळी कामावरून येऊन त्यांनी भिंतीवरचा दोरा सोडवायला घेतला. एक एक टाचणी काढून डबीत ठेवली.

“रद्द,” ते म्हणाले. “तिकडं एकोणपन्नास डिग्री जाणार आहे. सेफ नाही.”

“एकोणपन्नास?” मनीषा हसायलाच लागली. “नागपूरचा वाघ उन्हाला घाबरला?”

“हो. घाबरला.”

अन्वी हसली नाही. तिने इंग्रजीत बापाला जे सुनावलं ते मला शब्दाशब्दाने कळलं नाही, पण ‘प्रॉमिस’ कळलं. मग दार आपटलं. त्या दिवसापासून ती बापाशी बोलेना. ते जेवायला आले की ही ताट घेऊन वर. जवळच्या लिमरिक शहरातल्या मराठी मंडळींनाही विषय मिळाला. कुणी फोन करून “काय वाळवंटकर, छत्री घेतली का?” असं विचारायचं. जावईबापू सगळ्यांना “हो ना बाप्पा” म्हणून फोन ठेवायचे.

माझ्या जिवाला चैन पडेना. उन्हासाठी एवढा तरसलेला माणूस ऊन आहे म्हणून घरी बसेल कसा? मी धीर करून एकदा विचारलं, “माझी अडचण झाली का? मी ब्रीडाकडं राहते हो. नाहीतर तिकीट बदला, मी गावी जाते. पोरीला घेऊन जा.”

“तुमचं काय आहे त्यात? ऊन आहे, बस.” एवढंच बोलून ते बूट पुसायला लागले. पुसलेलेच बूट होते.

जुलैतल्या एका रविवारी त्यांनी सगळ्यांना गाडीत घातलं. अन्वीला मनीषाने दटावून आणली. ब्रीडा बोलावल्याशिवायच आली. माणशी चार लिटर पाणी, टोप्या, सह्यांचे कागद, सगळं अमेरिकेचं सामान घेऊन आम्ही बरनला निघालो. शॅननपासून तासाभरावर आहे. तेही सरकारी राखीव रानच आहे, पण ते दगडाचं. मैलच्या मैल नुसता करडा कातळ. वरून भुरभुर पाऊस.

अर्ध्या वाटेत गाडी थांबली. जावईबापू उतरून रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. मागं एक हॉटेल होतं.

“जा आई, जाऊन ये,” मनीषा हळू आवाजात म्हणाली. “त्याचे पाय बिय काही आखडत नाहीत. त्या लांबच्या मोठ्या विमानतळावरून तुला आणताना तू तीन तास कळ काढून बसलीस, गाडी थांबवा म्हणाली नाहीस. तेव्हापासून त्याचं हे चाललंय. मलाही कालच कळलं.”

मी गेले आणि आले. येऊन जावईबापूंना “चला” एवढंच म्हटलं. तसेही आम्ही दोघं एकमेकांशी फार बोलत नाही.

बरनच्या कातळावर ब्रीडा आणि मी हात धरून चाललो. खडकाच्या भेगांतून बोट-बोट उंचीची जांभळी फुलं आली होती. मातीचा कण नाही, आणि फूल! मी खाली बसून भेगेत बोट घालून बघितलं. आत काळी ओली माती लागली. जावईबापू छत्री धरून माझ्यामागं उभे होते. “कशी आहे?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “चिकटते.” त्यांनी ते लिहून घेतलं. अन्वी लांब एका दगडावर पाठ करून बसली होती.

मग उरले फक्त आगाऊ भरलेले पैसे. विमानाचे आले, गाडीचे आले, मुक्कामांचे एक एक करत आले. एकाच मुक्कामाचे राहिले. वाळवंटाच्या कडेला एक म्हातारी बाई चार खोल्यांचं लॉज चालवते, तिथल्या चार रात्रींचे. उशिरा रद्द केलं तर निम्मेच परत, असा तिचा नियम. जावईबापू दर शुक्रवारी तिला लिहायचे. मनीषा म्हणायची, सोड रे आता.

ऑगस्टमध्ये, मी निघायच्या चार दिवस आधी, मी भाकरी थापत होते आणि अन्वी टेबलावर बसली होती. स्वयंपाकघरातल्या टॅबवर सहलीसाठी काढलेली मेल उघडी असते. रद्द झाल्यापासून तिकडं कुणी बघत नव्हतं. टॅब टुणकन वाजला. अन्वीने बघितलं आणि वाचतच राहिली.

“आजी,” ती म्हणाली. मग मोडक्या मराठीत, मध्ये मध्ये इंग्रजी घालत, तिने मला सांगितलं. लॉजवाल्या बाईचं उत्तर होतं. त्याखाली बाबांनी तिला लिहिलेलं पत्र होतं. बाबांनी लिहिलं होतं, “कारण ऊन नाही. माझ्या सासूबाईंना अमेरिकेच्या व्हिसाच्या शिक्क्यासाठी मुलाखतीची तारीख मिळाली नाही. जानेवारीपासून रोज बघत होतो. त्यांना सांगितलं नव्हतं, कारण आशा लावून मोडायची नव्हती. आता खरं सांगितलं तर त्या गावी निघून जातील. आम्ही सगळे तिथं फोटो काढले असते, पण ती जमीन आमच्यात फक्त त्यांनाच कळली असती. त्यांच्याशिवाय बघायची नाही.”

माझी भाकरी तव्यावर तशीच राहिली. थंडीत जावईबापूंनी माझा एक फोटो मागवला होता, दोन्ही कान दिसतील असा. मला वाटलं होतं, तो आयर्लंडच्याच कागदाला लागतो.

“आणि बाई काय म्हणते?” मी विचारलं.

अन्वी उत्तर देणार तेवढ्यात मागचं दार उघडलं. जावईबापू आले. त्यांनी टॅब बघितला, आम्हा दोघींची तोंडं बघितली, आणि हातातली पिशवी कुठं ठेवावी ते त्यांना कळेना.

“आले का तिचे?” त्यांनी विचारलं. “निम्मे?”

अन्वी खुर्चीवरून उतरून त्यांच्याजवळ गेली. पाच आठवड्यांनंतर पहिल्यांदा. त्यांच्या हातातली पिशवी तिने घेतली.

“सगळे, बाबा,” ती म्हणाली. “सगळे परत दिले तिने.”