पुढच्या खोलीचा पडदा

ब्लोडवेन प्रॉसरने शुक्रवारी सकाळी पुढच्या खोलीचा पडदा ओढून घेतला आणि तिथेच सगळं बिनसलं.

आमच्या खोऱ्यात पुढच्या खोलीचा पडदा दिवसाढवळ्या कोणी ओढत नाही. ती खोली बसायची नाहीच. ती पाद्र्यासाठी आणि शवपेटीसाठी. एरवी तिच्यात चांगल्या कपबश्या, भिंतीवरचं घड्याळ आणि थंडी राहते. पडदा ओढलेला दिसला की त्या घरात कोणी गेलं असं समजायचं. मग समोरच्याने आपला ओढायचा, शेजारच्याने आपला, असं करत करत सगळी गल्ली डोळे मिटते. विचारायला मात्र कोणी जात नाही. असल्या वेळी विचारणं म्हणजे दार फोडून आत शिरण्यातलाच प्रकार.

हे ब्लोडवेनला कोणी सांगायला नको होतं. गल्लीत कोणी गेलं की चॅपेलमागच्या खोलीत जो चहा होतो, त्याचं सगळं तिच्या हातात. हॅम, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, कापायचा तर तिनेच, आणि तोही असा पातळ की त्यातून स्तोत्राचं पुस्तक वाचता यावं. सुरी तिची स्वतःची. ती घरून फडक्यात गुंडाळून आणायची आणि फडक्यात गुंडाळून न्यायची. जिभेला त्या सुरीचीच धार होती, फक्त तिला फडकं नव्हतं.

हॅम कापायला उभं राहावं लागतं, आणि उजवा गुडघा उभं राहू देईना. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने गुडघा पाहिला, मग बाईकडे पाहिलं आणि सांगितलं, आधी वजन उतरवा, मग गुडघा बदलू. ब्लोडवेनला वजनाचं दुःख नव्हतं. तिला दुःख होतं ते शेजारच्या मायरचं. मायर बावीस वर्षांच्या मैत्रीत कधी वाकडं बोलली नव्हती, पण ती हॅम बोटाएवढा जाड कापायची. आपण खुर्चीत बसलोय आणि मायर सुरी चालवतेय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की ब्लोडवेनला रात्री झोप लागत नसे.

वजन उतरवायची ती सुई हल्ली सरकारी आरोग्यसेवेतून मिळते, हे तिला ठाऊक होतं. ही सेवा आमच्याच खोऱ्यांतली. आमच्या आज्या-पणज्यांनी खाणीच्या पगारातून वर्गणी घातली तेव्हा कुठे तिचं बी रुजलं. त्यामुळे ब्लोडवेनला मागायची लाज नव्हती. लाज दुसरीच होती. सुगीच्या जेवणाला वर्तमानपत्राच्या दुकानातली डेलिथ सहज म्हणाली होती की आपली मामेबहीण ती सुई घेते. तेव्हा ब्लोडवेनने भरल्या पंगतीत सुनावलं होतं, "भूक मारायला सुई कशाला लागते? तोंड मिटता येत नाही का बाईला?" पंगत हसली. थोडी कमीच हसली, पण ते ब्लोडवेनच्या लक्षात आलं नाही. आता तीच सुई आपण घेतो हे बाहेर फुटलं असतं, तर तिच्या शब्दाला त्या खोलीत मोहरीएवढंही वजन उरलं नसतं.

म्हणून तिने डोंगरापलीकडच्या खोऱ्यातलं केंद्र गाठलं. तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. सरकारी सेवेत सुई मागितली की सुई मिळत नाही, रांग मिळते. रांग संपली की वर्ग मिळतो. एक काडीसारखी पोरगी ताटाचं चित्र दाखवून सांगायची की अर्ध्या ताटात कोबी घ्या. साऱ्या गल्लीला जेवू घातलेली बाई मांडीवर पिशवी घेऊन हे गुमान ऐकायची. कितीदा वजन केलं, कितीदा रक्त काढलं, आणि एकदाची ती पेनासारखी सुई हातात आली. नर्सने पत्ता वाचला. गल्लीचं नाव वाचून ती जराशी थांबली, पण बोलली काही नाही. त्यांना बोलायला मनाई असते.

आठवड्यातून एक सुई, शुक्रवारी, बाथरूममध्ये कडी लावून. पेनं फ्रिजमध्ये, तळायच्या चरबीच्या डब्यात. मायर मागच्या दाराने न विचारता यायची, फ्रिज उघडून दूध घ्यायची, पण परक्या घरच्या चरबीला कोणी हात लावत नाही.

वजन उतरायला लागलं. भूक अशी गेली की जणू कधी पाहुणी म्हणूनही आली नव्हती. चॅपेलमध्ये मनुकांचा केक पुढे आला की ब्लोडवेन ताटली पुढे ढकलून द्यायची. कोट खांद्यावरून घसरायला लागला. गल्लीने हे पाहिलं, आणि गल्लीला जे समजायचं ते समजलं. एमलिन, तिचा नवरा, असाच वाळत गेला होता. त्याला याच पुढच्या खोलीतून नेलं होतं.

एकदा मायरने धीर केला. "बरी आहेस ना गं?"

"मला काय धाड भरलीय."

मायर घरी गेली आणि सिंकचा नळ सोडून रडली. मग पाद्री इद्रिस आले. तिचा हात हातात घेऊन बराच वेळ बसले आणि हळूच विचारलं की तुमचं सर्वांत आवडतं स्तोत्र कुठलं. रविवारसाठी विचारत असतील असं समजून ब्लोडवेनने एमलिनला आवडायचं ते सांगितलं, आणि वर बजावलं की खालच्या पट्टीतले पुरुष ते ओढतात, त्यांना जरा हाका. इद्रिसांनी डोळे टिपले. त्या आठवड्यापासून गायकमंडळ तेच स्तोत्र बसवायला लागलं. तिला मूलबाळ नाही, तेव्हा शेवटचं सगळं आपल्यालाच करायचं आहे, असं गल्लीने मनाशी धरून ठेवलं होतं.

आता तो शुक्रवार. गुडघ्यासाठी म्हणून जुना टब काढून तिथे उभ्याने अंघोळ करायची सोय व्हायची होती. कामगार उजाडताच आले. मागची गल्ली अरुंद, म्हणून टब पुढच्या दाराने न्यायचा ठरला. भिंतीचा कागद खरवडेल म्हणून ब्लोडवेनने तो पांढऱ्या चादरीत गुंडाळायला लावला, गाठी स्वतः मारल्या. धुकं होतं. काळपट रंगाची लांबट गाडी दाराशी उभी होती. दोघा पुरुषांनी पांढऱ्या चादरीतलं ते लांबलचक ओझं जपून बाहेर आणलं, टोपी सावरली, गाडीत ठेवलं आणि नवीन सामान घेऊन उद्या येतो म्हणून निघून गेले.

समोरच्या खिडकीतून डेलिथने हे पाहिलं. शेजारच्या खिडकीतून मायरने पाहिलं. किती वाळली होती बिचारी, तरी दोघांना जड गेली, असं नंतर डेलिथ म्हणाल्याचं सांगतात.

इकडे ब्लोडवेनपुढे प्रश्न होता सुईचा. बाथरूमची जमीन उखडलेली होती. स्वयंपाकघरात मायर केव्हाही टपकणार. जिना चढायला गुडघा तयार नाही. राहिली पुढची खोली, तिची खिडकी थेट रस्त्यावर. आयुष्यात पहिल्यांदा तिने मागच्या दाराला कडी लावली. मग पुढच्या खोलीत गेली, आणि क्षणभराचाच तर प्रश्न आहे, असं म्हणून पडदा ओढला.

सुई मांडीला टोचली. त्या खेपेची मात्रा वाढवलेली होती. डोकं हलकं झालं. ती एमलिनच्या खुर्चीत जरा टेकली आणि तिथेच तिचा डोळा लागला.

बाहेर मायरने मागचं दार ढकललं. कडी. पुढे जाऊन पाहिलं. पडदा. ती घरी गेली आणि तिने आपला पडदा ओढला. डेलिथने ओढला. तिथून चढावरच्या शेवटच्या घरापर्यंत पडदे ओढले गेले.

ब्लोडवेनला जाग आली तेव्हा दुपार झाली होती, खोलीत मात्र अंधार होता. ती उठली, पडद्याच्या फटीतून तिने बाहेर पाहिलं आणि हात तिथेच थांबला. सगळी गल्ली बंद. म्हणजे कोणीतरी गेलं होतं आणि ती झोपली होती. आपला पडदा आता उघडणं शोभणार नव्हतं. तिने तो दोन्ही हातांनी नीट जुळवून घेतला, फट राहू दिली नाही. गेला असेल तो हँडेल प्यूच, असं तिने धरलं. गायकमंडळातला सगळ्यात म्हातारा तो, गेल्या नाताळापासून जायच्या बेतात होता. ब्लोडवेनने कपाटातून काळे कपडे काढून घातले. ते अंगाभोवती दोनदा फिरले. टोपी घातली, सुरी फडक्यात गुंडाळली आणि मागच्या गल्लीने, भिंत धरत धरत, चॅपेलकडे निघाली.

आमच्याकडे कोणी गेलं की बायका घरी बसून रडत नाहीत. त्याच दुपारी चॅपेलमागच्या खोलीत जमतात. हाताला काम असलं की रडू आवरतं. गायकमंडळाच्या शनिवारच्या जेवणाचा हॅम शिजवलेला होताच, तो काढला होता. ब्लोडवेन बोळातून आत येत होती, तोच मायरचा आवाज ऐकू आला.

"जीभ वाईट होती तिची."

तिची म्हणजे हँडेल नव्हे. ब्लोडवेन थांबली. कोण बाई गेली असावी, म्हणून ती मनातल्या मनात घरं मोजायला लागली.

"मला तर तिच्यासमोर तोंड उघडायची भीती वाटायची," डेलिथ म्हणाली. "पण माझी आई गेली तेव्हा तो गुडघा धरून दुपारभर उभी होती. खुर्ची दिली तर म्हणाली, बसून कापला तर हॅम जाड होतो."

बोळात गारवा होता. ब्लोडवेनने भिंतीला हात टेकला. आपल्यामागे कोणी इतकं चांगलं बोलत असेल हे तिला आजवर सुचलं नव्हतं. आणि ऐकायला मिळालं तेही मेल्यावर. ती आली तशी मागे फिरली असती, पण उघड्या दारातून तिला टेबल दिसलं. मायर आसवं गाळत गाळत हॅम कापत होती, आणि एकेक काप उंबऱ्याएवढा जाड.

"जोडे शिवायचेत का त्याचे?" ब्लोडवेन दारातून म्हणाली.

कोणी किंचाळलं नाही. डेलिथच्या हातातून एक बशी गेली तेवढीच. मायर सुरी धरून नुसती बघत राहिली. कोपऱ्यात हँडेल प्यू चहा पीत बसला होता. ब्लोडवेनने त्याला पाहिलं.

"तू मेला नाहीस?"

"आज नाही," हँडेल म्हणाला. "आज तू मेलीस. मी सकाळपासून विचारतोय, बाईला नेल्यावर पडदा ओढायला उठलं कोण. माझं कोणी ऐकत नाही."

मायरने येऊन ब्लोडवेनचे दंड चाचपले, जसं बाजारात कोंबडीला चाचपतात. मग टबाचा उलगडा झाला, चादरीचा झाला. पाद्री इद्रिस खुर्चीत टेकले आणि त्यांनी देवाचे आभार मानले. राहिला एकच प्रश्न, आणि तो त्यांनी फार हळुवारपणे विचारला. पडदा कशासाठी ओढला होता?

सगळी खोली तिच्याकडे बघत होती. ऊन येत होतं, गालिचाचा रंग उडेल म्हणून, असं ब्लोडवेन म्हणाली असती. पण खोऱ्याने तीन आठवडे ऊन पाहिलं नव्हतं. दुसरं काही सुचलंही असतं, तिची जीभ काही बोथट नव्हती. पण मायरचे डोळे रडून बोरांएवढे झाले होते, आणि त्या डोळ्यांत बघून खोटं बोलायला लागतं ते अंगात उरलं नव्हतं.

"सुई घेत होते," ती म्हणाली. "तीच. जिच्याबद्दल मी बोलले होते."

कोणी हसलं नाही. ब्लोडवेन वाट बघत राहिली. तिने वर्षानुवर्षं दुसऱ्यांना जे सुनावलं ते आता एकदम परत येणार, म्हणून मान ताठ धरून उभी राहिली. काहीच आलं नाही. तिने मायरच्या हातातली सुरी काढून घेतली, आपली फडक्यातून सोडली आणि हॅम कापायला लागली. कापलेला टाकायचा नाही, म्हणून सगळे टेबलाला बसले. इतके दिवस बसवलेलं स्तोत्र वाया का घालवायचं, म्हणून गायकमंडळाच्या माणसांनी ते म्हटलं. ब्लोडवेनने आपल्या मयताचं गाणं उभ्याने ऐकलं आणि खालच्या पट्टीतल्यांनी ते ओढलंच, असं सांगितलं.

मग तिने टेबलावरून नजर फिरवली. तिच्या हाताखालचा हॅम कधी उरला नव्हता. आज ताटल्या भरलेल्या. डेलिथने सँडविचचा एक कोपरा कुरतडला होता. तिच्या पलीकडच्या दोघी चहाच्या कपांशी चाळा करत होत्या. पाद्री इद्रिस सँडविचचे दोन तुकडे करून, त्या दोनाचे चार करून, ते ताटलीत इकडून तिकडे नेत होते, आणि त्यांची कॉलर गळ्यापासून चांगली सुटली होती. खात होता तो एकटा हँडेल.

ब्लोडवेनने सुरी खाली ठेवली. मग मायरच्या ताटलीकडे पाहिलं. तीही भरलेली.

"तू कधीपासून?"

"सुगीच्या जेवणाआधीपासून," मायर खाली बघत म्हणाली. "त्याच डोंगरापलीकडच्या केंद्रात. दिसू नये म्हणून मंगळवारी जाते. तुझ्याच भीतीने गं."

"आणि पेनं?"

"चरबीच्या डब्यात."

ब्लोडवेनने आपली सुरी पुसून फडक्यात गुंडाळली. डेलिथने आपली ताटली हळूच जरा पुढे सरकवली आणि मामेबहीण कोणी नव्हतीच, असं टेबलाला सांगितलं. तो सगळा हॅम शेवटी हँडेल प्यूच्या घरी गेला, आणि त्यावर त्याने आणखी एक हिवाळा काढला.

वसंतात ब्लोडवेनचा गुडघा बदलला. कडी तिने पुन्हा लावली नाही. आता शुक्रवारी सकाळी मायर मागच्या दाराने आपलं पेन घेऊन येते, आणि दोघी पुढच्या खोलीत पडदा ओढून बसतात, कारण मांडी रस्त्याला दाखवायची नसते. समोर डेलिथ आपला ओढते. चढावरच्या घरांतही एकामागून एक ओढले जातात आणि चहाचं पाणी उकळेपर्यंत उघडतात. गल्लीला त्यात आता काही वाटत नाही.

फक्त टपाल वाटणारा नवा आलाय, खालच्या शहरातला. शुक्रवारी चढाला लागला की तो टोपी काढून हातात घेतो, पाऊल न वाजवता पत्रं सारतो आणि मान खाली घालून निघून जातो. इतकी माणसं कशाने जातात, हे त्याने अजून कोणाला विचारलेलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत.