ठकूमावशी कंबरेशी बोलायची

ठकूमावशी माणसाशी बोलायची नाही, त्याच्या कंबरेशी बोलायची.

मी सोनईला राहायला आले तेव्हा मला सातवा लागला होता. माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर. मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. सामान अजून पोत्यांत होतं, आणि एक उंच, काटक, साठीची बाई न विचारता घरात शिरली. सरळ माझ्या मागे जाऊन उभी राहिली, पाठीवर अंगठा टेकवला आणि म्हणाली, "काय गं, कवापासनं दुखतंय?"

"तसं काही फार नाही हो..."

"तू गप ऱ्हा. मी कंबरंला इचारतेय."

कंबरेनं काय सांगितलं कोण जाणे. मावशीनं दोनदा हुंकार भरला आणि मला दटावलं, "महिना झाला म्हनती ती. तू कशाला लपवतीस?"

महिनाच झाला होता.

मावशीचे वडील मोडलेली हाडं बसवायचे. मुलगा नव्हता, म्हणून हातातली विद्या मुलीला दिली. मावशीनं ती गरोदर बायका आणि बाळंतिणींसाठी राखून ठेवली. पंचक्रोशीत तिला सगळे ओळखत. ती मात्र कुणाला तोंडावरून ओळखायची नाही. समोर कुणी आलं की "कोन?" म्हणायची. मग, "जरा मागं फिर बरं." पाठ दिसली की चेहरा उजळायचा, "अगं बया, तू व्हय!" एकदा आमच्या हेडमास्तरांनाही तिनं भर रस्त्यात मागे फिरवलं होतं. ते बिचारे फिरलेसुद्धा.

पोटाला मात्र ती बोट लावायची नाही. "पोट दाक्तरीनबाईचं, कंबर माजी," अशी तिची सरळ वाटणी. मला तिनं कुशीवर कसं निजायचं, गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी कशी घ्यायची, उठताना आधी कुशीवर वळून हाताच्या आधारानं कसं उठायचं, हे सगळं शिकवलं. सासूबाईंचं मत वेगळं होतं. वाकून केर काढला की बाई सुखरूप सुटते, असं त्या म्हणायच्या. मावशीनं एकदा ते ऐकलं.

"वाकून केर काढून पोरं सुखानं झाली असती," ती म्हणाली, "तर खराट्याला डझनभर झाली असती."

सासूबाई चार दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःच पाठ करून तिच्यासमोर बसल्या.

मला मुलगी झाली, छकुली. मग मावशी रोज सकाळी यायची. कोमट तेल चोळायची, शेगडीचा शेक द्यायची आणि शेवटी जुन्या लुगड्याचा पट्टा कंबरेला गुंडाळून बांधायची. तिचा हात पाठीवर पडला की वाटायचं, आता आपल्याला काही होत नाही. बाळाला बघायला आलेल्या बायकांना ती दारातच सांगायची, "लेकरू झोपलंय. बाळंतीण जागी हाय, तिला बघा. ती बी नवीनच हाय."

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि गावाबाहेर दुष्काळी काम निघालं. निम्मं गाव खडी फोडायला जाऊ लागलं. एक दिवस मावशी तिथून चालली होती. तिला गावातली शेवंता दिसली. शेवंताला बाळंत होऊन फार दिवस झाले नव्हते. बाभळीला झोळी बांधून ती हातोडा चालवत होती. मावशीनं तिच्या हातातला हातोडा काढून घेतला.

"सावलीत जाऊन पड."

"हजेरी बुडंल की, मावशी. खायाचं काय?"

मावशी तिच्या जागी बसली आणि खडी फोडू लागली. मुकादम धावत आला. "म्हातारे, तुजं नाव हजेरीत न्हाई."

"शेवंताचं हाय नव्हं? मग मी शेवंता."

"शेवंता अशी दिसती व्हय?"

"उनानं जरा वाळली," मावशी म्हणाली आणि पुढचा दगड ओढला. सगळी रांग हसली. मुकादमही हसला, आणि तिथंच हरला.

शेवंताचा सव्वा महिना भरेपर्यंत मावशी तिच्या जागी खडी फोडत राहिली. मी एकदा दुपारी तिच्यासाठी भाकरी घेऊन गेले. तिच्या तळहातांना फोड आले होते. मी चिंधी बांधता बांधता म्हणाले, "मावशी, सख्ख्या लेकीसाठीसुद्धा कुणी एवढं करत नाही."

तिनं भाकरी खाली ठेवली.

"लेकीसाठी न्हाईच केलं," ती म्हणाली.

तिला लेक होती हेच मला माहीत नव्हतं. सुभद्रा. खर्ड्याला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

"माज्याच घरात बाळंत झाली. आन मी दिसभर दुसऱ्याच्या बाळंतिनी चोळत फिरायची. म्हनलं, ही तर घरचीच हाय, हिला सांजच्याला बघू. सांजच्याला हात उचलायचं न्हाईत. जाताना म्हनली, आये, मी परकी असते तर बरं झालं असतं. पुन्यांदा आलीच न्हाई. आता दुसऱ्यांदा बाळंत झालीय, बाजारात एकजन सांगत हुता."

"मग चला ना जाऊ."

"काय तोंड घिऊन जाऊ?"

हिला कुणाची भीती वाटत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

शेवंता कामावर परतली त्याच आठवड्यात मी मावशीला एस्टीत बसवलं. छकुलीला मांडीवर घेऊन मीही निघाले. नगरला गाडी बदलली, जामखेडला बदलली. एरवी शेजारच्या प्रवाशाच्या पाठीची चौकशी केल्याशिवाय न राहणारी मावशी खर्ड्यापर्यंत कुणाच्या पाठीकडे वळलीसुद्धा नाही. तेलाची बाटली तेवढी दोन्ही हातांनी धरून होती.

सुभद्रा ओसरीवर बाळाला पाजत बसली होती. तीही आईसारखीच उंच. तिनं वर पाहिलं. मावशी अंगणातच थांबली. पायरी काही तिला चढवेना. सुभद्रानं आधी आईकडे पाहिलं, मग चिंध्या बांधलेल्या हातांकडे. "ये" म्हणाली नाही, "जा"ही म्हणाली नाही. बाळ सावकाश गोधडीवर निजवलं आणि भिंतीला हात लावत उठू लागली. अर्ध्यावरच ती कळवळली.

"आये," ती म्हणाली, "लई दुखतंय गं."

"हात धुते," मावशी म्हणाली आणि घाईघाईनं परसात गेली. पाण्याचा तुटवडा, मोरीवर एकच तांब्या भरलेला होता. तो रिता झाल्याचा आवाज मी ऐकला. मावशी मात्र बराच वेळ परत आली नाही, पदरात दाबलेला हुंदका तेवढा ऐकू आला. सुभद्रा भिंतीशी तशीच उभी होती, परसाच्या दाराकडे बघत, आईची वाट पाहत.