खांबाचा उजेड आणि प्रल्हादभाऊ

प्रल्हादभाऊ कुणाकडे जेवायला गेले, की ताटाआधी दिवा बघत. स्वयंपाकघरात पिवळा बल्ब आणि बाहेर ट्यूबलाइट असेल, तर दोन्हींच्या मध्ये ते बसूच शकत नसत. "अर्धी भाकर पिवळी, अर्धी पांढरी. मानसानं खावं कोनती?" असं म्हणत उठायचे आणि एक बटण बंद करायचे. यजमानाला विचारायची त्यांची पद्धत नव्हती.

खामगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं लाऊडस्पीकर आणि रोषणाई भाड्यानं देण्याचं दुकान होतं. मांडवात ते एकाच रंगाचे दिवे लावत. वरपक्षानं हौसेनं ट्यूब आणली, की भाऊ रुसून बाहेर बसत. "नवरदेव इकडून काविळीचा दिसते, तिकडून भुताचा. मले नाही पाहवत." एकदा ऐन मंगलाष्टकांत ती ट्यूब विझवायला गेले आणि घाईत भलतंच बटण दाबलं. सगळा मांडव काळोखात बुडाला. उजेड आला तेव्हा नवरीचा हार मामाच्या गळ्यात होता.

गाव त्यांना उजेडराव म्हणायचं. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. त्यांच्या घरी एकच बल्ब होता आणि त्याच्याबद्दल भांडायला कुणी नव्हतं.

अशात मुंबईची सिनेमावाली मंडळी कापूसबाजाराच्या रस्त्यावर अंधारातला एक प्रसंग घ्यायला आली. सिनेमा रंगीत. नायिकेनं दिव्याच्या खांबाखालून चालत जायचं, एवढंच काम. त्यांच्या लाइटवाल्या मिस्त्रींनी आधी खांबावरचा दिवा नीट निरखला. मग आपल्या मोठ्या पांढऱ्या दिव्यांवर पिवळे पारदर्शक कागद चढवले. बघणाराला वाटलं पाहिजे, की सगळा उजेड त्या खांबावरूनच पडलाय, असं त्यांनी समजावून सांगितलं.

भाऊ ऐकतच राहिले. आपल्यासारखा दुसरा माणूस त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटला होता. दोन दिवस दोघं चहाच्या टपरीवर पिवळ्याच्या जातींवर बोलत बसले. मिस्त्रींनी त्यांना शूटिंगला कॅमेऱ्याशेजारी उभं करायचं कबूल केलं. भाऊंनी सदऱ्याला इस्त्री केली आणि ही बातमी निम्म्या गावाला स्वतः जाऊन सांगितली.

दिवेलागण झाली. रस्ता सोनेरी दिसू लागला. तेवढ्यात मिस्त्रींनी वर बोट दाखवलं. एका माडीच्या खिडकीत पांढरी फटक ट्यूब जळत होती. तिथं गिरजाबाई शिवणवाली राहायच्या. वय झालेलं, घरात एकट्या. "आत्ता इझवून येतो," म्हणत भाऊ निघाले.

थोड्या वेळानं खिडकी काळी झाली, पण भाऊ काही आले नाहीत. मिस्त्री वाट बघून शेवटी कामाला लागले. मी त्यांना आणायला माडीवर गेलो.

आत ट्यूब लख्ख चालू होती. गिरजाबाई मशीनवर वाकून नातीच्या हळदीचं पोलकं शिवत होत्या. सकाळच्या पहिल्या गाडीनं त्यांना देऊळगाव राजाला निघायचं होतं आणि बल्बच्या उजेडात त्यांना सुईच दिसत नसे. भाऊ खिडकीशी पाठमोरे उभे होते, दोन्ही हात वर करून, चौकटीवर गोधडी दाबून धरलेली. मातीच्या भिंतीत खिळा टिकत नव्हता.

मी म्हणालो, "भाऊ, मी धरतो. तुम्ही जा. खाली शूटिंग सुरू होऊन राह्यलं."

"तुह्ये हात हलतीन बे," भाऊ म्हणाले. मग आवाज खाली आणून, "अन् माय तिच्या नातीचं सांगून राह्यली. मधातून उठून कसं जावं?"

खाली कुणीतरी ओरडलं, सगळं शांत झालं आणि मग टाळ्या पडल्या. इस्त्रीच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली होती. भाऊंनी गोधडी जराशी बाजूला करूनसुद्धा बाहेर पाहिलं नाही.

"मंग माय," त्यांनी विचारलं, "पोरगी कोनावर गेली? तुमच्यावर का?"